सागाची पारख

वेरूळच्या दहाव्या लेण्यास आमच्या भागांत ‘सुतार का झोपडा’ म्हणतात. पंडितांनीं त्याचें नांव विश्वकर्मा असें नोंदलें आहे, अर्थ एकच. सातव्या शतकांतील या चैत्यगृहांत शिरून मान वर केली म्हणजे छताला दगडी बरगड्या एकीमागून एक वांकवून बसविल्यासारख्या दिसतात. वास्तविक त्या बसविलेल्या नाहींत. तेथें जोडलेलें असें कांहींच नाहीं; सगळा डोंगर अखंड आहे, आणि छत तोलण्यास त्या बरगड्यांची काडीइतकीहि गरज नाहीं. तरी पाथरवटानें त्या कोरल्या, कारण चैत्य म्हणजे लांकडी बरगड्यांचें घर हें चित्र त्याच्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलेलें होतें. त्या छताकडे पाहतांना पालथ्या घातलेल्या जहाजाचा सांगाडा मनांत येतो. हा केवळ कल्पनेचा खेळ म्हणून सोडून द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. कारण असें छत उभारणारा सुतार आणि जहाजाचें पोट बांधणारा सुतार हे एकाच प्रश्नापाशीं येऊन थांबतात. लांब, सरळ वा हवें तसें वांकलेलें, न फुटणारें व न कुजणारें लांकूड कोणतें, आणि तें आणावयाचें कोठून?

कार्ल्याच्या चैत्यांत या बरगड्या खऱ्या लांकडाच्या आहेत, आणि त्या सागाच्या आहेत. सुमारें दोन हजार वर्षें त्या जागच्या जागीं आहेत. एवढ्यावरून साग अमर आहे असें कोणी समजूं नये. कार्ल्याचें लांकूड टिकलें याचें श्रेय सागाइतकेंच त्याच्या जागेसही आहे. लेण्याच्या आंत तें ऊनपावसापासून दूर, सदैव कोरडें राहिलें. लांकूड कुजविणाऱ्या बुरशीस ओल आणि हवा अशीं दोन्ही लागतात. जें लांकूड नेहमीं कोरडें असतें त्यास ओल नाहीं. जें खोल पाण्यांत वा चिखलांत कायमचें गाडलेलें असतें त्यास हवा नाहीं. म्हणून दोन्ही पुष्कळ टिकतात. घात होतो तो मधल्या पट्ट्यांत. धक्क्याच्या खांबाचा जो भाग भरतीला बुडतो व ओहोटीला उघडा पडतो तो आधीं जातो. जहाजाच्या तक्तपोशीवर जेथें पाणी सांचून राहतें ती फळी आधीं जाते. धक्का आणि तक्तपोशी हीं दोन्ही बांधकामें म्हणजे सगळा हा मधला पट्टाच होय. तेथें लांकडाची पारख चुकली तर घराप्रमाणें पन्नास वर्षांनीं कळत नाहीं, पांच वर्षांत कळतें.

आमच्या शहरापासून समुद्र पुष्कळ दूर आहे, आणि मराठवाड्यांत बसून जहाजांच्या गोष्टी कशाला, असें कोणी विचारील. त्यास आम्ही पैठणचें नांव सांगूं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेलें ‘पेरिप्लस’ नांवाचें जें पुस्तक आहे, त्यांत भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याचें सांगितलें आहे. त्याच पुस्तकांत, भडोचहून इराणी आखाताच्या बंदरांकडे तांबें, चंदन, सागाच्या तुळया, शिसवी व आबनुसाचे ओंडके जहाजें भरभरून जात, अशीही नोंद आहे. तिकडे तांबड्या समुद्राच्या कांठीं बेरेनिके या ओसाड पडलेल्या मिसरी बंदरांत उत्खनन झालें, तेव्हां तेथील घरांच्या भिंतींत हिंदुस्थानी सागाच्या तुळया पुष्कळ सांपडल्या. संशोधकांचें मत असें कीं, हीं बहुतेक मोडीत निघालेल्या जहाजांचीं लांकडें असावींत. जहाज मोडलें तरी त्याचें लांकूड कोणी टाकीत नसे; वाळवंटांतील माणूस तें घरास लावी. चांगल्या मालाची यापेक्षां सोपी कसोटी आम्हांस माहीत नाहीं.

सागाच्या अंगीं असें काय आहे, याचें उत्तर जुन्या सुतारानें हातानें दिलें आणि अलीकडच्या रसायनशास्त्रानें नांवानिशीं दिलें. सागाच्या गाभ्यांत एक प्रकारचें तेल असतें. त्यांतील टेक्टोक्विनोन नांवाच्या द्रव्यामुळें वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. ओलें झालें, पुन्हां वाळलें, तरी तें फारसें फुगत नाहीं व आकसत नाहीं. म्हणून दोन फळ्यांमधली सांध धरून राहते. आणि जहाजाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे लोखंडाशीं त्याचें वैर नाहीं. इंग्लंडच्या ओक लांकडांत तुरट आम्ल असतें. तें लोखंडी खिळे खातें, गंजलेला खिळा भोंवतालचें लांकूड खातो, आणि असें दोघे मिळून जहाजाचा नाश करितात. सागांत ठोकलेला खिळा मात्र तेलामुळें उलट जपला जातो. परंतु हे सर्व गुण गाभ्याचे आहेत. सालीलगतचें पांढरें, कोंवळें लांकूड सागाचें असलें तरी त्याची किंमत आंब्याच्या फळीहून अधिक नाहीं. आणि ज्यास हें कळत नाहीं त्यास लांकूडवाला सागाच्या भावानें पांढरें लांकूड देतो, हा व्यवहार बहुधा पेरिप्लसच्या काळापासून चालत आला असेल.

सागाची तोड हीहि एक विद्याच आहे. हिरवा साग पाण्यांत तरंगत नाहीं, बुडतो. म्हणून मलबारांत व ब्रह्मदेशांत झाड उभें असतांनाच बुंध्याभोंवतीं सालीचें व कोंवळ्या लांकडाचें कडें कोरून काढीत, आणि तें जागच्या जागीं मरून वाळण्यास दोनतीन वर्षें सोडून देत. मग तोडलेला ओंडका नदींतून तरंगत बंदरास येई, आणि येईपर्यंत अर्धाअधिक मुरलेला असे. घाई करणाराला साग मिळत नाहीं, असें म्हणण्यास हरकत नाहीं. पुढें ज्या दोन जहाजांची तुलना करावयाची आहे तिचें मर्म या दोनतीन वर्षांत आहे.

तत्पूर्वीं मराठ्यांच्या आरमाराकडे वळूं. शिवकालापासून कारभार पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनीं 1715 च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजी महाराजांसाठीं आज्ञापत्र सिद्ध केलें. (आमच्या शहरास ज्यांचें नांव आहे ते हे नव्हेत, हे त्यांचे पुतणे, राजाराम महाराजांचे पुत्र.) त्यांत आरमाराच्या लांकडासंबंधीं जो मजकूर आहे तो अलीकडे शिवाजी महाराजांचें पत्र म्हणून सर्वत्र फिरतो. महाराजांचें धोरण त्यांत उतरलें आहे हें आम्हांस मान्य आहे. पण लेखणी अमात्यांची आहे, आणि ज्याचें श्रेय त्यास दिल्यानें महाराजांचें कांहीं उणें होत नाहीं.

तो मजकूर थोडक्यांत असा. आरमारास तक्ते, सोट, डोलाच्या काठ्या यांसाठीं थोर लांकूड लागतें. राज्यांतील रानांत सागवानादि वृक्ष आहेत, त्यांतील अनुकूल पडतील ते हुजूर परवानगीनें तोडावे. त्यावर लागेल तें परमुलुखांतून विकत आणावें. आंबा, फणस हींही झाडें आरमाराच्या उपयोगाचीं आहेत, परंतु त्यांस हात लावूं नये. कारण तीं वर्षादोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. तीं तोडलीं तर तिच्या दुःखास पार नाहीं. एखादें झाड अगदीं जुनें होऊन निरुपयोगी झालें असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन, मगच न्यावें; बलात्कार सर्वथा न करावा.

या मजकुराची तारीफ करणारे बहुतेक लेखक रयतेवरील दयेपाशीं थांबतात. आम्हांस त्यांत आणखी दोन गोष्टी दिसतात. पहिली ही कीं, लिहिणारास मालाची पारख आहे. कोंकणांत नावा बांधण्यास आंबा व फणस खरोखरच चालतात, उंडी चालते, ऐन चालतो. म्हणजे हात लावूं नये असें जें सांगितलें आहे तें निरुपयोगी वस्तूविषयीं नाहीं, मोहाच्या वस्तूविषयीं आहे. आरमाराचा कारकून परमुलुखांतील सागापेक्षां परसांतल्या फणसाकडेच आधीं पाहणार, कारण तो फुकट व जवळ. दुसरी गोष्ट ही कीं, आज्ञा निघते ती सामान्यतः अपराध होत असतो म्हणूनच निघते. कोणाचें तरी आंब्याचें झाड सरकारी कुऱ्हाडीखालीं गेल्यावांचून ‘बलात्कार न करावा’ हे शब्द कागदावर उतरत नाहींत. आज्ञापत्र हें मराठ्यांच्या पुण्याईचें प्रमाणपत्र म्हणून वाचण्यापेक्षां एका अनुभवी कारभाऱ्यानें आपल्याच अंमलदारांस घातलेली वेसण म्हणून वाचलें, तर त्याचें मोल वाढतें. चांगलें लांकूड कोणतें, एवढेंच पुसून त्यानें प्रश्न मिटविला नाहीं. तें कोणाचें, हेंही पुसलें.

त्या आरमाराची एक फळीही आज दाखवितां येत नाहीं. विजयदुर्गानजीक गिर्ये येथें आंग्र्यांच्या काळची खडकांत कोरलेली गोदी शिल्लक आहे. जेथें जहाजें डागडुजीस घेत ती जागा राहिली, जहाजें नाहींत. 1756 च्या फेब्रुवारींत पेशव्यांशीं संगनमत करून इंग्रजांनीं विजयदुर्गावर मारा केला, तेव्हां बंदरांत एकत्र बांधून ठेविलेल्या तुळाजी आंग्र्याच्या आरमारास आग लागून तें एका दिवसांत जळालें. पेशव्यांच्या या कृत्याची चर्चा येथें करावयाची नाहीं. ती पुष्कळांनीं केली आहे, आणि तिच्यांतून कांहीं निष्पन्न होत नाहीं असें आमचें मत आहे.

ज्या साली आंग्र्यांचें लांकूड जळालें त्यापूर्वींच वीस वर्षें मुंबईस दुसरें घर उभें राहूं लागलें होतें. 1736 मध्यें ईस्ट इंडिया कंपनीनें सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी सुतारास कांहीं कारागिरांसह मुंबईस आणिलें. सुरतेची जहाजबांधणी त्या वेळीं फार पुढें गेलेली होती. तेथील सुतार एका फळीची कड दुसरीच्या खांचेंत बसवीत, सांधीत कापूस व राळ भरीत, आणि जहाजाच्या तळास चुना व तेल यांचा लेप देत. त्यामुळें पाणी शिरत नसे आणि लांकूड पोखरणाऱ्या समुद्रकिड्यासही अडथळा होई. या किड्यापुढें सागही सर्वस्वी अभेद्य नाहीं, म्हणून पुढें तळास तांब्याचे पत्रे ठोकण्याची चाल पडली. मुंबईची पहिली कोरडी गोदी 1750 मध्यें पुरी झाली; 1762 व 1765 मध्यें तिला आणखी दोन जोडल्या गेल्या; आणि 1810 मध्यें डंकन गोदी तयार झाली. लवजीच्या घराण्यांत प्रमुख जहाजबांधणाऱ्याचें पद पिढ्यान्पिढ्या चाललें. त्यांत लवजीचा नातू जमशेटजी बमनजी याचें नांव सर्वांत मोठें.

आतां ती तुलना. 1810 मध्यें इंग्लंडांत, टेम्सकांठीं डेप्टफर्डच्या सरकारी गोदींत, क्वीन शार्लट नांवाचें शंभरांहून अधिक तोफांचें अजस्र जहाज पाण्यांत सोडलें गेलें. त्याच वर्षीं मुंबईस जमशेटजीनें बांधलेलें मिंडन हें चौऱ्याहत्तर तोफांचें जहाज पाण्यांत उतरलें. नेपोलियनच्या लढाईची घाई चालू होती; इंग्लंडचा ओक संपत आला होता, आणि क्वीन शार्लटला न मुरलेलें लांकूड वापरण्यांत आलें. एका वर्षाच्या आंत तपासणी झाली तेव्हां, मोहिमेवर एकदांही न गेलेल्या त्या जहाजाच्या फळ्या आंतून कुजलेल्या निघाल्या. डागडुजीचा खर्च डोळे पांढरे करणारा झाला. मिंडन त्यानंतर पन्नास वर्षें या ना त्या रूपानें उपयोगांत होतें. दोघांचे कारागीर आपापल्या परीनें निष्णात होते, नकाशे एकाच परंपरेचे होते. भेद पडला तो लांकडांत, आणि लांकूड मुरण्यास दिलेल्या अवधींत.

जमशेटजीच्या हाताखालून पुढें 1813 मध्यें कॉर्नवॉलिस, 1815 मध्यें वेलस्ली, 1817 मध्यें ट्रिंकोमाली हीं जहाजें बाहेर पडलीं. ट्रिंकोमालीची गंमत अशी कीं, तिचे नकाशे घेऊन जावा नांवाचें इंग्रजी जहाज मुंबईकडे निघालें होतें, तें 1812 च्या डिसेंबरांत अमेरिकनांनीं लढाईंत पाडाव केलें. नकाशांच्या दुसऱ्या प्रती येण्यास वेळ लागला. तेवढें लांकूड अधिक वाळलें, असें कोणी म्हटलें तर आम्ही हरकत घेणार नाहीं. जमशेटजीविषयीं एक आख्यायिका आहे. 1800 सालीं बांधलेल्या एका जहाजाच्या अगदीं तळच्या तुळईवर त्यानें, हें जहाज एका शापित काळ्या माणसानें बांधलें, अशा अर्थाचा मजकूर खोदून ठेविला होता, आणि पुढें डागडुजीच्या वेळीं तो उजेडांत आला, असें सांगतात. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, ती त्या गोदींत जन्मावी यांत नवल नाहीं. लंडनचे जहाज बांधणारे याच सुमारास हिंदुस्थानांत बांधलेल्या जहाजांविरुद्ध ओरड करीत होते. आणि ती ओरड मालाच्या हिणकसपणाबद्दल नव्हती, चांगुलपणाबद्दल होती.

येथवर गोष्ट अभिमानाची झाली. पण हा साग आला कोठून, हें पुसल्यावांचून ती पुरी होत नाहीं. मलबार 1792 मध्यें टिपूकडून कंपनीच्या हातीं आला, आणि तेथील रानें मुंबईच्या गोदीचें कोठार झालीं. 1806 च्या नोव्हेंबरांत कंपनीनें कॅप्टन वॉटसन नांवाच्या पोलिस अधिकाऱ्यास जंगलांचा पहिला संरक्षक नेमलें. संरक्षक हा शब्द मोठा गोड आहे. व्यवहारांत त्याचें काम सागाचा मक्ता सरकारच्या हातीं ठेवणें हें होतें; ज्यांच्या मालकीचीं रानें होतीं त्यांचा हक्क बाजूस सारला गेला, व्यापाऱ्यांचा धंदा बसला, आणि रानालगतच्या लोकांस जळणासाठीं लांकूड मिळण्याचीही पंचाईत झाली. तक्रारी इतक्या वाढल्या कीं, मद्रासचा गव्हर्नर टॉमस मनरो यानें 1823 मध्यें तें पदच रद्द केलें. मिंडन, कॉर्नवॉलिस, वेलस्ली व ट्रिंकोमाली हीं चारही जहाजें याच सतरा वर्षांतलीं आहेत. अमात्यांच्या कागदांत आरमारास लागणाऱ्या लांकडाची जी चिंता आहे तीच कंपनीच्या कागदांत आहे. ‘धन्यास राजी करून’ हे शब्द मात्र तिकडे नाहींत. जमशेटजीस यांत दोषी धरावें असें आम्हांस वाटत नाहीं. त्याच्या गोदींत जो ओंडका आला तो त्यानें पारखला, आणि उत्तम पारखला. परंतु त्या फळ्यांची प्रशंसा करणारे ग्रंथ वाचतांना मलबारच्या रानाचा उल्लेख केवळ ‘उत्कृष्ट माल’ एवढ्या शब्दांत आटोपलेला पाहिला, म्हणजे हिशेबाचें एक पान फाडलेलें आहे असें वाटतें.

मुंबईच्या त्या जहाजांची पुढची कहाणी सर्वश्रुत नाहीं, म्हणून सांगतों. 1824 मध्यें बांधलेलें एशिया तीन वर्षांनीं नव्हारिनोच्या लढाईंत इंग्रज सेनापतीचें मुख्य जहाज होतें. कॉर्नवॉलिसच्या सागावर 29 ऑगस्ट 1842 रोजीं चीनला नानकिंगचा तह करावा लागला. पुढें एका शतकानें, 2 सप्टेंबर 1945 रोजीं, जपानच्या शरणागतीवर सह्या झाल्या त्या मिसूरी नांवाच्या अमेरिकन युद्धनौकेवर. ती पोलादी होती. पण टेबल मांडलें होतें तें सागाच्या तक्तपोशीवर. जहाजाचें सर्वांग पोलादाचें झालें तरी माणसाच्या पायाखालीं सागच राहिला, कारण ओल्या पोलादावर पाय घसरतो आणि तें उन्हांत तापतें. साग ओला असतांनाही पाय धरतो. वेलस्लीचा शेवट चमत्कारिक झाला. सव्वाशें वर्षांचें होऊन तें टेम्समध्यें मुलांच्या शिक्षणाचें जहाज म्हणून उभें होतें. 1940 च्या सप्टेंबरांत जर्मन विमानांच्या बाँबनीं तें बुडालें. शिडांच्या काळांतलें लांकूड बुडविण्यास विमान यावें लागलें.

कॉर्नवॉलिसला याहून शांत म्हातारपण लाभलें. लढाईच्या कामास निरुपयोगी ठरल्यावर तें इंग्लंडच्या शियरनेस येथें नेऊन कायमचें बांधून टाकलें, आणि त्याचाच धक्का केला. इतर जहाजें त्याच्या अंगास लागत, माणसें त्याच्यावरून चढत उतरत. भरतीओहोटीच्या त्याच घातकी पट्ट्यांत मलबारचा तो साग जवळजवळ शंभर वर्षें उभा राहिला. 1957 मध्यें तें मोडण्यात आलें. ट्रिंकोमाली मात्र अद्याप आहे. हार्टलपूल येथें तिची दुरुस्ती 2001 मध्यें पुरी झाली, आणि आजही ती तेथें पाण्यावर आहे. तिच्या अंगांत मुंबईस बसविलेल्या जुन्या सागाचा मोठा भाग कायम आहे.

मलबारांत वॉटसनचें पद गेल्यावर वीसेक वर्षांनीं तेथील कलेक्टर कॉनोली यास उमगलें कीं, नुसतें तोडीत राहिल्यानें गोदीस लांकूड पुरणार नाहीं. त्यानें निलंबूर येथें सागाची लागवड करविली. प्रत्यक्ष रोपें उगवून दाखविण्याचें काम चातू मेनन यानें केलें. सागाचें बीं सहजासहजीं रुजत नाहीं, त्यास पुष्कळ खटपट पडली. 1846 पासून लावलेल्या त्या झाडांचा कांहीं भाग पुढें महायुद्धाच्या गरजेसाठीं तोडला गेला. उरलेला, सुमारें सव्वादोन हेक्टरांचा, केरळच्या वनखात्यानें राखून ठेविला आहे. लागवड झाली तेव्हां मुंबईच्या गोदींत मियानी हें शेवटचें मोठें शिडाचें लढाऊ जहाज बांधलें जात होतें. 1848 मध्यें तें पाण्यांत गेलें. झाडें हाताशीं येईपर्यंत जहाजें लोखंडाचीं झालेलीं होतीं.